इशारा पिवळा असतानाच वाचा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गणपतीपुळ्याला एका लॉजच्या खोल्यांचे फोटो काढत होते. "प्रज्ञा, पहाटे दादा गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आलं नाही. राग आला. महिना होत आला, तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. नसतील ठेवत. मी ठेवणार आहे.

अविनाशदादा मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांत वेबसाइट करायचे. लॉजवाले, आंबेवाले, एखादी शाळा, अशी गिऱ्हाइकं. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. त्यांच्या टेबलामागे खिळ्याला एक जाडजूड फाइल टांगलेली असायची. कोणाचं काही अडलं आणि सुटलं, की त्याचं एक पान तिच्यात जायचं. नवा कॉम्प्युटर लावताना आधी काय टाकायचं, फोटो जड झाले तर कोडच्या कोणत्या चार ओळी चिकटवायच्या, मोबाइलवर मेनू उघडला नाही तर कुठे बघायचं... सगळं मराठीत, स्वच्छ अक्षरात. प्रत्येक पानावर लक्षण, कारण, उपाय आणि सगळ्यात शेवटी चूक कोणाची ते. पेनाने लिहायचं, खोडायचं नाही. दादा कोणावर आवाज चढवायचे नाहीत, पण नाव लिहिल्याशिवाय सोडायचेही नाहीत. दापोलीहून फोनवर शंका विचारणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीचंही नाव त्यात आहे, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

माझं नाव तर पानोपानी. त्यातलं एक पान जिव्हारी लागलेलं. ऐन मे महिन्यात मालगुंडच्या एका बागायतदाराची साइट इंटरनेटवर चढवायची होती. तपासताना स्क्रीनवर पिवळे इशारे येत होते. साइट चालत तर होती, म्हणून ते इशारे दिसूच नयेत अशी एक ओळ मी टाकली आणि मोकळी झाले. आठ दिवसांनी ऑर्डरचा फॉर्म बंद पडला. बागायतदाराच्या पेट्या तशाच पडून राहिल्या, आंबा आतल्या आत पिकून गेला. दादांनी पान लिहिलं. 'लक्षण: फॉर्म मुका. कारण: इशारे लपवले. उपाय: पिवळा असतानाच वाचा, लाल व्हायची वाट बघू नका. चूक: प्रज्ञा.' वर मला म्हणाले, "त्या ओळीने दुखणं बरं होत नाही गो, नुसतं त्याचं तोंड दाबलं जातं." मी चिडून विचारलं, की तुमचं नाव कसं कुठे नाही? तर म्हणे, माझ्यासाठी वेगळी फाइल लागेल. हसण्यावारी नेलं. मोठे शहाणे!

शेवटच्या दोन दिवसांत आम्ही त्याच बागायतदाराची नवी साइट करत होतो. दादा सारखे डावा खांदा चोळत होते. पंखा फुल्ल होता तरी कपाळावर घाम. डॉक्टरकडे जाऊन या, असं मी म्हटलं. एकदा नाही, तीनदा म्हटलं. "पित्त आहे. साइट चढू दे, मग जातो. तू खालून गोळी आण, आणि घरी काही बोलू नको." आणि मी खाली उतरले. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणली, वर पाण्याचा ग्लासही हातात दिला. अर्ध्या तासाने म्हणाले, बरं वाटतंय. लागलो आम्ही कामाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा गोळी. साइट चढली. पहाटे दादा गेले.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, शेवटपर्यंत काम करत गेला, भाग्यवान माणूस. कसलं डोंबलाचं भाग्य? दवाखाना जिना उतरून चार पावलांवर होता. दुसऱ्यांच्या पिवळ्या इशाऱ्यांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचा घाम वाचता येऊ नये? आणि बारावं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ऑफिसात काही म्हणाले होते काय गो हे?" मी नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. तेव्हापासून धड जेवण जात नाही.

परवा फाइल खाली काढली आणि कोरं पान घेतलं. लक्षण: डावा खांदा, घाम, दोन दिवस. कारण: साइट चढवायची होती. उपाय: डॉक्टर, त्याच दिवशी. चूक: अविनाश. रागाने लिहिलं, ठसठशीत. मग त्याच ओळीत पुढे लिहिलं, प्रज्ञा. खाली गोळीचं नाव लिहिलं, आणि किती वेळा आणून दिली तेही.

फाइल वहिनींच्या हातात दिली, ते पान उघडून. त्यांनी चष्मा शोधला, लावला. त्या वाचायला लागल्या तशी मी चपला घालून बाहेर पडले. थांबायचा धीर झाला नाही.

आज सकाळी एका साइटचा मेनू उघडेना, तर माझा हात सवयीने दादांच्या टेबलामागे गेला. खिळा रिकामा. वहिनींचा फोन अजून आलेला नाही.