बायोडेटातली एक ओळ

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत काकाला एकच काम सांगायची सोय नव्हती. मिक्सर दुरुस्तीला बोलवावं, तर तो मिक्सर करून, वीणेची तार चढवून, वर घरच्या मुलीच्या पत्रिकेतली चूक काढूनच उठायचा. "हात रिकामा राहिला की डोकं खाजतं रे," म्हणायचा.

चाळिशी उलटली तरी नोकरी मात्र जमेना. प्रत्येक साहेब विचारी, तुम्हाला नक्की येतं काय? काका मनापासून सांगू लागे, आणि त्याचं सांगणं संपायच्या आत साहेबाची जेवायची वेळ होई.

मग नव्या आर्थिक धोरणाचे वारे आले. कोइमतूरच्या एका पंप कंपनीला आमच्या भागात विक्रीसाठी जाणकार माणूस हवा होता. काकूनं मला गाठलं. तू शिकलेला, एवढी एक नोकरी लावून दे म्हणाली. मी नुकताच पोस्टानं मॅनेजमेंटचा डिप्लोमा मिळवला होता आणि 'स्पेशलायझेशन' हा शब्द नव्या घड्याळासारखा मिरवत होतो. काकाचा तीन पानी बायोडेटा मी एका ओळीवर आणला : मोटर वाइंडिंग. शिवाय बजावलं, दुसरं काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही.

"मग बाकीचा मी कुठं ठेवू?" काकानं विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

मुलाखतीनंतर आठवड्यानं निकाल विचारायला मीच ऐटीत गेलो. मॅनेजर म्हणाला, माणूस सज्जन आहे, पण विक्रीला आम्हाला सगळ्यातलं थोडं थोडं जाणणारा हवा होता. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून भाताचं बोलेल, बोअर पाहील, बँकेचा अर्जही भरून देईल. "तुमच्या काकांना काहीही विचारलं तरी एकच उत्तर : मोटर वाइंडिंग. म्हणून कोइमतूरच्या कारखान्यात वाइंडिंगच्या बाकावर घेतलंय."

हे सगळं त्याला येतं हो, मी कळवळून सांगितलं. मॅनेजरनं माझ्याच अक्षरातली ती ओळ माझ्यापुढे सरकवली. विक्रीची जागा भरली होती.

घरी येऊन वर मीच काकावर डाफरलो, बोलायला काय झालं होतं म्हणून. तो पेटी भरत होता. "तू नको म्हणालास ना. शिकलेल्याचं ऐकावं म्हटलं, एकदा तरी."

निघायच्या दिवशी बस काही केल्या सुरू होईना. ड्रायव्हर किल्ली फिरवून थकला, लोक कुरकुरू लागले. काका खिडकीशी बसला होता. कान इंजिनाकडे, बोटं गजावर वळवळत होती. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सांगू का रे त्याला?"

मी मान डोलावली. पाच मिनिटांत त्यानं बस सुरू करून दिली, नेसलेल्या वेष्टीला हात पुसले, आणि तिच्यातच बसून गेला.