बाह्यांचा नियम

सुलक्षणा गावाहून एरंडोलच्या कॉलेजात जायची. ती बारावीत असताना तिथे वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, पाचवीच्या मुलांना वार्षिक परीक्षेत नापास करावं की नाही. बहुतेकजण "नापास करू नये" या बाजूनं बोलले, कारण टाळ्या तिकडेच पडत होत्या. सुलक्षणा म्हणाली, परीक्षा हवी. "परीक्षा नसली तर कोण मागे पडलंय ते कोणालाच दिसत नाही. पण दिसल्यावर त्याला शिकवायचं, की नुसतं त्याच बाकावर पुन्हा बसवायचं, ते आधी ठरवा." तिला बक्षीस मिळालं नाही. मुलगी एका बाजूला उभीच राहत नाही, असं परीक्षकांचं मत पडलं.

ती बोलली ते घरातलं पाहून. तिची धाकटी बहीण मोनाली गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीत होती. गणिताचे सर दिवाळीनंतर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. नव्या नियमानं पाचवीची परीक्षा मात्र होणार होती.

वडील सुकदेव हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जात, एरवी स्वतःचं थोडं रान कसत. आई ज्योत्स्ना गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. सुलक्षणाला डॉक्टर व्हायचं होतं. कोचिंग लावण्याची ऐपत नव्हती, म्हणून ती मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास करायची.

आदल्या वर्षी गावात एक गोष्ट घडली होती. झुलाल नानांची नात मोहिनी कॉलेजला जाते म्हणून निघाली आणि पारोळ्याच्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा दुसऱ्या जातीचा. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. मग ग्रामसभा बसली आणि ठराव झाला. गावाबाहेर जाणाऱ्या मुलींनी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालावा, ओढणी घ्यावी, जीन्स घालू नये. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधायचा नाही, कारण बांधला की कोणाची मुलगी ते ओळखू येत नाही. जी मोडेल तिच्या बापाचं नाव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर पुकारलं जाईल. हे शेवटचं कलम सरपंचांचे वडील रुपचंद आबा यांचं. सरपंच कोणीही असो, गावात शब्द आबांचा चालायचा.

त्या वर्षात दोन नावं पुकारली गेली. त्यातल्या एका बापानं मुलीचं कॉलेजच बंद केलं.

वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मे महिन्यात, केंद्र जळगावला. प्रवेशपत्रावर स्पष्ट लिहिलं होतं, अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, ओढणी नाही. सुलक्षणानं ते आईला वाचून दाखवलं.

"मग गावातून कशी जाशी?" ज्योत्स्नानं विचारलं. "स्टँडवर बठ्ठा लोके ऱ्हातस."

"माय, मी परीक्षेला जातेय. कोण काय म्हणेल?"

"तुना बापनं नाव पुकारतीन. तुना बाप जेवाव नही मंग." ज्योत्स्नानं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मी पुरी बाह्यास्ना ड्रेस शिवी देस. तठे गेटवर वर करी लेजो."

दोघींचं वाजलं. शेवटी सुलक्षणानं ऐकलं, कारण आई हट्टानं बोलत नव्हती, घाबरून बोलत होती. ज्योत्स्नानं फिकट आकाशी रंगाचा कुर्ता शिवला आणि मनगटाला मुद्दाम सैल ठेवला.

परीक्षेच्या दिवशी वडील सोबत आले. जळगावात ऊन असं होतं की केंद्राच्या लोखंडी गेटला हात लावता येत नव्हता. मुलींची वेगळी रांग होती. सुलक्षणानं बाह्या कोपराच्या वर दुमडून घेतल्या. तपासणीच्या बाईंनी एक बाही ओढून सरळ केली.

"दुमडलेल्या चालणार नाहीत."

"मॅडम, आतपर्यंत चाचपून बघा. काही नाहीये."

"मला बघायला वेळ नाही. पूर्ण बाह्यांना परवानगी नाही. वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

"मग?"

मग काय, हे त्या रांगेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. बाईंनी टेबलावरची कात्री घेतली. आणखी दोघींच्या बाह्या त्यांनी आधीच कापल्या होत्या, त्या पायाशी पडल्या होत्या. गेटच्या जाळीपलीकडे पालक उभे होते, त्यांत सुकदेवही होते. कात्री बोथट होती, कापड सरळ कापलं गेलं नाही. एक बाही कोपरापाशी तुटली, दुसरी पार खांद्यापाशी. ओढणी काढून बाकीच्या ओढण्यांच्या ढिगावर टाकली गेली. सुलक्षणा आत गेली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही. बाप तिच्याकडे पाहत असेल की मान खाली घालून उभा असेल, यातलं काहीच तिला बघायचं नव्हतं.

पेपर कसा गेला असं नंतर कोणी विचारलं की ती खरं सांगायची. बायोलॉजी बरी गेली, केमिस्ट्री ठीक, फिजिक्स मुळातच कच्चं होतं. पण सुरुवातीचा बराच वेळ ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होती आणि डावा हात उजव्या दंडावर ठेवून बसली होती, हेही ती सांगायची.

बाहेर आल्यावर ओढण्यांचा ढीग जागेवर नव्हता. कोणी उचलला ते शिपायालाही माहीत नव्हतं. एसटीत सुकदेवांनी खांद्यावरचा रुमाल तिच्यापुढे धरला.

"पांघरी ले."

"नको बाबा."

रुमाल तसाच मांडीवर ठेवून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गावच्या स्टँडवर चारपाच माणसं बसली होती. सगळ्यांनी तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं. थोड्या वेळानं भोंगा वाजला. सुकदेव यांच्या मुलीनं ठरावाचा भंग केला आहे, त्यांनी उद्या पंचायतीत हजर व्हावं. ज्योत्स्ना तेव्हा चुलीपुढे बसली होती. ती उठली, आत गेली आणि मशीनवर डोकं टेकून रडली. "मीच शिवं ना ते," एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुकदेव निघाले, तेव्हा सुलक्षणाही निघाली. तिनं कालचाच कुर्ता घातला होता. आईनं अडवलं नाही.

पंचायतीच्या हॉलमध्ये माणसं भरली होती. बायका दाराशी उभ्या राहिल्या.

"पोरी, तुले काय सांगनं शे ते सांग," रुपचंद आबा म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता. आपण न्यायानं वागतो अशी त्यांची समजूत होती.

सुलक्षणा शाळेच्या मराठीत बोलली. घरच्या बोलीत तोंड उघडलं तर रडू येईल अशी तिला धास्ती होती.

"आबा, या बाह्या मी कापलेल्या नाहीत. परीक्षेच्या गेटवर कापल्या. तिथला नियम हात उघडे ठेवायचा, गावचा नियम झाकायचा. कॉपी होऊ नये हे मला पटतं. कॉपी करून कोणी पुढे गेलं तर नुकसान माझंच आहे. पण तपासायचं तर आडोसा करा, बाईमाणसानं नीट तपासावं. कात्री कशाला? आणि गावाला मुलींची काळजी आहे, तेही मला कळतं. पण ठराव केला तेव्हा या हॉलमध्ये एक तरी मुलगी होती का?"

"काय झालं म्हणून ठराव कया, माहीत शे ना तुले?" मागून कोणीतरी बोललं.

"माहीत आहे. मोहिनी गेली म्हणून. मोहिनी कॉलेजच्या एसटीत माझ्या शेजारी बसायची. गेली त्या दिवशी तिनं पूर्ण बाह्यांचाच ड्रेस घातला होता. ओढणीही होती."

झुलाल नाना भिंतीला टेकून बसले होते. ते आलेत हे सुलक्षणाला माहीत नव्हतं. दिसल्यावर तिला आपले शब्द परत घ्यावेसे वाटले.

नाना काठी टेकून उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"पोर खरं बोली ऱ्हायनी," ते म्हणाले. "डोकावर ओढणी व्हती तिना. माना पाया पडीसन गयी." मग आबांकडे न बघता म्हणाले, "फोन येस तिना. मी उचलत नही."

ते तसेच हळूहळू बाहेर गेले. दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी त्यांना वाट करून दिली.

सभेत त्यापुढे काही झालं नाही. ठरावाचं पुढच्या बैठकीत बघू, असं आबांनी सांगितलं. ती पुढची बैठक आजवर झालेली नाही आणि ठराव रद्दही झालेला नाही. पण त्यानंतर भोंग्यावर कोणत्याही मुलीच्या बापाचं नाव पुकारलं गेलं नाही. सुलक्षणा दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी गेली, माफी मागायला. नानांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. नातीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिलाही विषय काढवला नाही. फोन ते अजूनही उचलत नाहीत, असं त्यांची सून सांगते.

परीक्षेच्या केंद्राबद्दल तिनं ऑनलाइन तक्रार केली. तक्रार नोंदवली गेल्याचा मेसेज आला, पुढे काही नाही. निकाल लागला, तेव्हा प्रवेशाला लागतील तेवढे गुण तिला नव्हते. बाह्या कापल्या नसत्या तर मिळाले असते का, यावर घरात कोणी बोलत नसे. तिनंच एकदा आईला सांगितलं, "नसते मिळाले, माय." ते खरं होतं की आईसाठी होतं, ते तिलाच ठाऊक.

त्याच उन्हाळ्यात मोनाली पाचवीत गणितात नापास झाली. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. सुलक्षणानं महिनाभर तिला रोज सकाळी ओसरीवर घेऊन बसवलं. भागाकार येत नव्हता, कारण वजाबाकीच कच्ची होती. ती पक्की करण्यातच बराचसा महिना गेला. मोनाली थोडक्या गुणांनी पुन्हा नापास झाली.

सुलक्षणा मुख्याध्यापक गिरधर सरांना भेटली.

"सर, गणिताला शिक्षक नव्हते. मग नापास कोण झालं?"

"मी वर कळवलं होतं," सर म्हणाले. "शिक्षक कधी येईल ते मला सांगता येत नाही. निकाल मात्र लावावाच लागतो."

"मग या वर्षी तरी येतील?"

"माहीत नाही, बाई."

शाळा उघडली त्या सकाळी मोनाली वर्गाच्या दाराशीच अडली. तिच्या मैत्रिणी सहावीच्या खोलीकडे पळाल्या होत्या. पाचवीत सगळी तिच्याहून लहान मुलं बसली होती. सुलक्षणा तिच्याबरोबर आत गेली आणि तास सुरू होईपर्यंत बाकावर तिच्या शेजारी बसली.

गणिताचे शिक्षक आलेच नाहीत. गिरधर सर दारातून डोकावले आणि त्यांनी खडू सुलक्षणापुढे केला. सुलक्षणा त्या दिवशी जळगावला बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी जाणार होती. ती दुपारच्या गाडीनं गेली. सकाळभर तिनं फळ्यावर वजाबाकी शिकवली, हातच्याची.