समोरच्या घरातली तोया

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एकट्याच राहतात. बिल्डिंगमध्ये बारसं असलं की त्या नावाचा अर्थ विचारतात आणि ते नाव हळूच पुटपुटून पाहतात, आमटीचं मीठ चाखावं तसं.

आमच्या मुलीचं नाव तोया. तोय म्हणजे पाणी. अख्ख्या कर्वेनगरात दुसरी सापडू नये म्हणून शोधून काढलेलं, कुणालाच न सांगितलेलं. नाव कानात सांगायला आत्या पाळण्यावर वाकली, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तोया ना? आमच्याकडे आहे एक."

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला समोरून हाक येते, "तोया, घरात ये गं."

आमच्या हाकांना पोर ढिम्म. काल मात्र ती रांगत दाराशी गेली आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली, "आले."