उचलून बघणारे कडूबा काका

माझा स्वभाव तापट आहे, हे शहागंजच्या अर्ध्या गल्लीला ठाऊक आहे. अब्बांच्या माघारी बॅटऱ्या, चार्जर आणि वायरींचं हे छोटं दुकान मीच चालवते, आणि गिऱ्हाइकानं काही भलतंच मागितलं की उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं होतं. "कहकशा, जरा सबर कर," हे अब्बा जन्मभर सांगत राहिले. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कडूबा काकांनी माझ्या काउंटरवर फवारणी पंपाची काळी, विटेएवढी बॅटरी ठेवली आणि म्हणाले, "ही बसवली तर गडी जागचा हालंना."

गडी म्हणजे त्यांच्या पिशवीतला रोबो. वहीएवढी प्लास्टिकची पाटी, दोन मोटारी, चाकं आणि जमिनीवरची काळी पट्टी ओळखणारे दोन डोळे. शाळेतली पोरं हौसेनं जोडतात तसला संच.

"अहो काका, ही बारा व्होल्टची आहे! मोटारी जळल्या असत्या. आणि वजन केवढं? हा रोबो आहे, बैल नव्हे."

"व्हय, ते कळलं आता," ते शांतपणे म्हणाले. "मला वाटलं, मोठी बसवली म्हंजी लई टाइम चालंल."

चौपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस खेळणं घेऊन का फिरतोय, असं मी विचारलंच. तेव्हा त्यांनी सांगितलं. काका शेंद्र्याजवळच्या एका वस्तीवर राहतात. घर मेंढपाळाचं. आता पाच-सहा मेंढरं उरलीत, ती त्यांची बायको बानाबाई बघते. काका स्वतः एकोणीस वर्षं एका कारखान्यात हेल्पर आहेत. मशीनच्या तोंडाशी पत्र्याचे तुकडे ठेवायचे, एवढंच काम. आता ते काम यंत्राचा हात करणार होता. म्हणून साहेबांनी प्रत्येक हेल्परला असा एकेक संच दिला. घरी जोडा, बॅटरी मात्र तुमची तुम्ही आणा. येत्या शनिवारी ज्याचा रोबो पाठीवर बोल्टांची पुडी घेऊन शेडमधल्या काळ्या पट्टीवरून न थांबता दहा फेऱ्या मारेल, त्याला नव्या यंत्रावर शिकवून ठेवून घेणार. बाकीच्यांचं काम महिनाअखेरीला बंद.

"सुपरवायझर म्हणला, काका, तुमच्यानं नाय व्हणार." हे सांगताना ते हसले, पण ते हसणं काही त्यांच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मला त्या न पाहिलेल्या सुपरवायझरचा असा संताप आला की विचारू नका. रोबो तर नीट जोडलेला होता. काकांच्या जाड बोटांत बारीक स्क्रू राहत नाहीत, म्हणून ते बानाबाईनं आवळले होते.

मी आधी त्यांना चपटी, रुपेरी कागदातली बॅटरी दाखवली. वजनाला हलकी, ताकदीला दांडगी. त्यांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि ती लगेच खाली ठेवली. "ही फुगलीय, ताई. मेंढरू असं फुगलं की सांजपतुर टिकत नाय." मी बघितलं, खरंच किंचित फुगली होती. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, हे मला कळायला हवं होतं. मी ती गुपचूप वाळूच्या डब्यात ठेवली.

मग मी बोटाएवढ्या गोल सेलचा ट्रे पुढे केला. असे दोन एकापुढे एक जोडले की सात-साडेसात व्होल्ट मिळतात, त्यांच्या रोबोला हवे तेवढेच. ट्रेमध्ये दोन तऱ्हा होत्या. सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा निळ्यांवर सव्वीसशे छापला होता, सोनेरींवर नऊ हजार नऊशे.

"हे सोनेरी घ्या," मी म्हणाले. "आकडा बघा केवढा आहे!"

काकांनी आकडा बघितलाच नाही. एक निळा एका तळहातावर घेतला, एक सोनेरी दुसऱ्या तळहातावर, आणि चक्क डोळे मिटले. मला हसू आलं. ते एकेक सेल उचलत गेले, वरखाली करत गेले आणि दोन ढीग लावत गेले. डोळे उघडले तेव्हा एका ढिगात सगळे निळे होते, दुसऱ्यात सगळे सोनेरी.

"हे पोकळ हायेत," ते सोनेरींकडे बोट दाखवून म्हणाले. "बाजारात कोकरू घेताना आम्ही पोटाखाली हात घालून उचलून बघतो. मीठ चारून, पाणी पाजून आणत्यात लोकं. मेंढरात लबाडी वजन वाढवून करत्यात. तुमच्यात कमी करून दिसती."

मला ते लागलं. माझ्या दुकानात येऊन माझ्याच मालाला नावं ठेवता! मी तरातरा शेजारच्या फारूखभाई अत्तरवाल्यांकडे गेले आणि त्यांचा छोटा काटा उचलून आणला. निळा पंचेचाळीस ग्रॅम भरला, सोनेरी सत्तावीस. तरी माझा हेका सुटेना. दोन्ही सेल भरलेले होते, ते दोन सारख्या मोटारींना लावले. चहा येऊन संपेपर्यंत सोनेरीची मोटार रेंगाळून थांबलीसुद्धा. निळ्याची फिरतच होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझ्या दुकानाची गत. घाऊक मालात आलेले सेल मी कधी तपासलेच नव्हते.

काका एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. दोन निळे सेल, त्यांची डबी आणि चार्जर घेतला. "चार्ज होताना गरम लागला तर लगेच काढा," मी सांगितलं. "म्हंजी अंगाला हात लावून बघायचं," ते म्हणाले आणि गेले. मी सोनेरी सेल खोक्यात भरून काउंटरखाली ढकलले. आता ते कुणालाच विकणार नाही, असं ठरवलं आणि मोठं पुण्य केल्यासारखी बसले.

पण एक काम मी केलं नाही. त्याच आठवड्यात, काकांच्या चार दिवस आधी, शेंद्र्याचाच अजिनाथ नावाचा एक जण तसलाच रोबो घेऊन आला होता. त्याला मीच हौसेनं सोनेरी सेल गळ्यात मारले होते. दुकान उघडं आहे का, म्हणून विचारणारा त्याचा मेसेज माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. लाज वाटत होती. दुकानाचं नाव जाईल, याची भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? शनिवार निघून गेला.

रविवारी दुकान उघडते तोच काका पायरीवर उभे दिसले.

"दहा फेऱ्या झाल्या, ताई. अकरावी बी मारली असती, साहेबानंच उचलला."

मला इतका आनंद झाला की मी काउंटरला वळसा घालून बाहेर आले. आणि तेव्हा काकांच्या मागे उभा असलेला अजिनाथ मला दिसला. तो खाली मान घालून उभा होता.

"याचा चौथ्या फेरीला थांबला," काका म्हणाले. "येत्या शनिवारी आणिक एक संधी दिलीय. याला वाटतंय, जोडणीत ह्याचंच काय तरी चुकलं. रातभर झोप नाय त्याला."

मग ते माझ्याजवळ सरकले आणि हळू आवाजात बोलले, "कशामुळं थांबला, ते मला ठावं हाय. मी सांगितलं नाय त्याला. तुमचं तुम्हीच सांगा."

मी अजिनाथकडे वळले. सगळं सांगितलं. सेल खोटे होते, मीच दिले होते, काकांनी ते डोळे मिटून हातावर उचलून ओळखले, आणि कळल्यावरही मी कळवलं नाही, हेसुद्धा सांगितलं. काउंटरखालचं खोकं काढून त्याच्यासमोर ठेवलं. अजिनाथनं ते खोकं माझ्याकडे परत सरकवलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी निळ्यांचा ट्रे पुढे केला. त्यातले दोन निवडून देऊ लागले, तर त्यानं माझा हात अडवला. त्यानं काकांकडे बघितलं, डोळे मिटले आणि तळहात पुढे करून म्हणाला, "एकेक ठेवा हातावर. मी उचलून बघतो."