फौजदारीण

आत्याच्या हातात कुणी काही ठेवलं, की ती आधी ते उलटून बघायची. मग ते वांगं असो, नवं लुगडं असो की देवळातला पेढा. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते बघायची. दूधवाला "आजी, एकदम चोख आहे" म्हणाला, की तिचा संशय दुप्पट. "चोख आहे तर सांगावं का लागतं रे?" बाबा तिला फौजदारीण म्हणत. ती त्यांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, यजमान गेलेले. कोकणातलं घर दिराकडे सोपवून ती आमच्याकडे अंधेरीला राहायला आली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ती पन्नाशी ओलांडलेली.

तिचा हा स्वभाव एकदा फार महागात पडला. माझ्या मावशीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे दोन फोटो आधीच आले होते. चहा चालू असताना आत्याने मुलाच्या आईला सरळ विचारलं, "दोन्ही फोटो डाव्या बाजूनेच का हो काढलेत?" मुलगा स्वतः समोर बसलेला. त्याच्या उजव्या गालावर मोठा तीळ होता, एवढंच. पण ती माणसं चहा अर्धा टाकून उठली आणि लग्न मोडलं. आईने आत्याशी दोन महिने अबोला धरला. आत्या निमूटपणे सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवायला लागली. कुणी काही वाढलं तर उलटून बघेनाशी झाली. मला ते बघवत नसे.

आमच्या मागच्या वाडीत मेरीबाई राहायच्या. त्या औषधाच्या कारखान्यात जात. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरल्या, की एकेक कुपी दिव्यासमोर धरून आत कण, केस, काचेचा कच आहे का ते बायका बघत. "आठवड्यात पोरी कंटाळतात गं, डोळे दुखतात, मग काय पण पास करतात," असं त्या एकदा विहिरीवर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आत्या त्यांच्याबरोबर निघाली.

तिथल्या साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. "बाई, चाळिशी लागलेले डोळे इथे चालत नाहीत." आत्या म्हणाली, "चालतात का ते बघा तर खरं." चष्मा पुसून ती बसली आणि पास झालेल्या ट्रेमधून तिने तीन खराब कुप्या काढून दाखवल्या. साहेबांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं.

आता संशय घ्यायची पाळी आमची होती. आमच्या घरातली बाई कारखान्यात, तीही या वयात! "काहीतरी काळंबेरं असणार," आई म्हणाली. शेजारच्या काकू रोज कुंपणापाशी उभ्या राहून तिची परतायची वेळ बघत. बाबा तर एक दिवस कचेरीतून लवकर निघून कारखान्याच्या फाटकावर गेले आणि पहारेकऱ्याकडे चौकशी करून आले. आत्याने जेवताना शांतपणे विचारलं, "दामू, आज फाटकापाशी उभा होतास. आत का नाही आलास? मी दाखवलं असतं सगळं." बाबांनी ताटावरची नजर वर केली नाही.

मग तो ट्रेचा प्रकार घडला. आत्याने तो आम्हाला सांगितलाच नाही, मेरीबाईंनी सांगितला. माल घाईने पाठवायचा होता आणि एका ट्रेमधल्या कुप्या आत्या एकामागून एक बाजूला काढत होती. साहेब चिडले. म्हणाले, "अहो, बुडबुडे आहेत ते!"

"बुडबुडा वर चढतो, साहेब. हे खाली बसतंय."

"उद्यापासून घरी बसायचंय का?"

आत्या स्टुलावरून उठली नाही. पास केल्याच्या चिठ्ठीवर सही करायचं तिने नाकारलं. दोन्ही हात ट्रेवर ठेवून ती तशीच बसली. मेरीबाईंसकट सगळ्या बायकांनी काम थांबवलं. शेवटी वरून म्हातारे केमिस्ट आले, त्यांनी दहा-बारा कुप्या दिव्याला धरल्या आणि अख्खा माल फोडायला सांगितला.

मी आत्याला विचारलं, "नोकरी गेली असती तर गं?"

तिने हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "आमच्या यजमानांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर सुई द्यायला आले होते. औषधात काहीतरी तरंगताना मी पाहिलं, शालू. दाराआड उभी होते. पुरुषमाणसांसमोर कसं बोलायचं म्हणून गप्प राहिले. ते त्याने गेले की तापाने, देव जाणे. मला कधीच कळणार नाही."

पंचावन्नाव्या वर्षी तिने जोगेश्वरीला खोली घेतली, कारखान्यातल्या दोघींबरोबर. बाबांना फार लागलं. "लोक म्हणतील, भावाने बहिणीला बाहेर काढलं." ती म्हणाली, "त्यांना सांग, बहीण आपल्या पायांनी गेली." सणावाराला ती यायची. पुढे नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे आलं, तसं येणं कमी झालं. मग आम्हीच जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो.

ती गेल्याचा निरोप मेरीबाईंनी आणला. आम्ही पोचलो तर दारात, जिन्यावर, रस्त्यावर बायकाच बायका. काही माझ्याएवढ्या, काही तिच्या वयाच्या. कामाचे पांढरे डगले तसेच अंगावर. आम्हाला त्यांच्यातली एकही ओळखत नव्हती. आत जायला निघालो तशी उंबऱ्यावरची एक मुलगी आडवी आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही बाईंचे कोण?"

"भाऊ" हा एवढासा शब्द, पण तो बाहेर यायला बाबांना फार वेळ लागला.