तपकिरी दोऱ्याचे टाके

बाबा सहा महिन्यांसाठी लंडनजवळ इल्फर्डला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत भाजणीचं पीठ होतं आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुईदोरा. डबा बघून मला हसू आलं. इथे काही उसवलं की मी फोन काढायचो आणि दुसऱ्या दिवशी नवीन वस्तू दारात.

एका सकाळी माझ्या करड्या कोटाचा खिसा लोंबत होता. "नवीन ऑर्डर करतो," मी म्हणालो.

"अरे, खिसा उसवलाय, कोट कुठे मेलाय?" बाबांनी कोट मांडीवर ओढला. आई गेल्यापासून घरातलं शिवणटिपण तेच करत. करडा दोरा नव्हता, म्हणून तपकिरी ओवला आणि तिथेच बसून उलटी टीप घातली. "बघ ओढून!" मी ओढलं. खिसा जागचा हलला नाही.

"तुला शिकवू का? दहा मिनिटांचं काम आहे."

"बाबा, आत्ता मीटिंग आहे. वीकेंडला नक्की."

तो वीकेंड काही उगवला नाही.

ऑफिसात ते तपकिरी टाके माझ्या डोळ्यांत खुपायला लागले. दुसऱ्या कोणाचं लक्षही गेलं नसेल, पण मी पडलो मोठा साहेब! शनिवारी कोट स्टेशनजवळच्या ऑल्टरेशनच्या दुकानात दिला. तिथली पंजाबी बाई टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "इतना पक्का काम है, क्यों निकालना?" मी म्हटलं, काढा.

घरी बाबांनी खिसा उलटा करून पाहिला. "मशीनचं काम सुबकच असतं," एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला गेले. शिकवण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला त्याच क्षणी लाज वाटायला हवी होती. उलट मला सुटल्यासारखं वाटलं.

पुण्याला परतल्यावर वर्षभरात बाबा गेले. डबा मात्र ते इथेच ठेवून गेले होते.

या हिवाळ्यात तोच खिसा पुन्हा उसवला. दुकानात जायला पाय उचलेना. डबा उघडला, तपकिरी दोरा शोधला, चार वेळा सुई ओवताना चुकलो, मग जमेल तसे टाके घातले. गाठ कशी मारायची ते माहीत नव्हतं, म्हणून नुसताच दोरा गुंडाळून कापला.

ओढून पाहिलं. सगळे टाके हातात आले.

दहा मिनिटांचं काम होतं.