दुर्पताच्या हातचं

देवरीच्या बस स्टँडमागे माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे मशीन, मागे मोरीएवढी खोली आणि मधे एक पडदा. त्या पडद्याआड दुर्पता सलामे कित्येक वर्षं लुगडं उतरवून खाकी चढवत आली आणि बंदोबस्त संपला की खाकी उतरवून पुन्हा लुगडं नेसत आली. आमच्या निर्मलाबाईंना सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. परकी बाई नवऱ्याच्या दुकानात कपडे बदलते म्हटल्यावर कोणत्या बायकोला रुचेल? मग एके दिवशी त्या स्वतः येऊन बघून गेल्या, आणि तेव्हापासून घरून चहाचे दोनऐवजी तीन कप यायला लागले.

दुर्पता होमगार्ड होती. होमगार्ड म्हणजे पोलीस नव्हे, आणि पोलीस नव्हेच असंही नव्हे. त्यांचा कायदा जुना आहे, सत्तेचाळीस सालचा. बोलावणं आलं की तुम्ही पोलीस. अधिकार तेच आणि उन्हात उभं राहणंही तेच. बंदोबस्त संपला की तुम्ही आपल्या घरचे. पगार नाही, पेन्शन नाही, ड्यूटीच्या दिवसाचा भत्ता तेवढा मिळतो. कागदावर यांना ‘मानसेवी’ म्हणतात. मी दुर्पताला चिडवायचो, की मानसेवी म्हणजे मान मोडेपर्यंत सेवा. ती हसायची आणि पट्टा कसून गणपतीच्या मिरवणुकीला दोरी धरायला निघून जायची.

तिचं गाव देवरीहून छत्तीसगडच्या अंगाला, जंगलाच्या पोटात आहे. नवरा लवकर गेला, लेकरू नाही, म्हणून ती बापाच्या अंगणात वेगळी खोली बांधून राहिली. त्याच अंगणात भाऊ आणि भावजय रेणू यांचं घर. बाप रेवाराम हा गावचा भुमका, म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. माणूस ताठ होता. देवापुढे उभा राहिला की घरात जे काही बरंवाईट घडलं ते मोठ्याने सांगून टाकायचा, कारण देवापासून चोरी नको. गाव ऐकत असे. आणि त्या काळात गावाबरोबर आणखीही कोणी कोणी ऐकत असे. बंदुका घेतलेले लोक जंगलातून यायचे, जेवण मागायचे, आणि कोणाच्या घरात खाकी आहे याची त्यांना बरोबर खबर असायची. शेजारच्या एका टोल्यावर, म्हणजे वाडीवर, खबऱ्या ठरवून एकाला संपवलं होतं. इकडे पोलीसही मागे नव्हते. त्या लोकांना भात दिला म्हणून रेवारामलाच एकदा चौकशीला नेलं होतं. तिथे काय झालं ते त्याने देवालाही सांगितलं नाही. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, की त्या गावांना दोन्हीकडून मार होता. पण मला विचारतं कोण?

अशा गावात होमगार्ड झाल्याचं सांगायचं कसं? म्हणून दुर्पताने घरी सांगितलं की ती देवरीच्या एका केटररकडे पंगतीची भांडी घासायला जाते. थाप चोख बसली. गणपती, दुर्गा, शिवरात्र, निवडणूक, जिथे बंदोबस्त तिथे पंगतीही असतातच. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पण या थापेला एक काटा होता, आणि तो दुर्पताच्या लक्षात थाप मारून झाल्यावर आला. भुमक्याच्या पानाला परक्याचं उष्टं हाताळणारा हात चालत नाही. लेक दहा जातींच्या पंगतीतली खरकटी ताटं घासते हे ऐकल्यापासून रेवारामने तिच्या हातचं खाणं सोडलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. तिने भाताची ताटली पुढे केली की तो ती हळूच बाजूला सरकवायचा आणि रेणूला हाक मारायचा. पाणीसुद्धा नाही. दुर्पता आजारी बापाचे पाय दाबून देई, त्याची धोतरं धुई, पण पाण्याचा तांब्या मात्र रेणूच आणून देई. तो बोलायचा गोड, डोक्यावरून हात फिरवायचा. जेवायची वेळ झाली की मात्र लेक परकी व्हायची.

मी एकदा म्हटलं, सांगून टाक ना त्याला, पोलिसात आहे म्हणून. ती म्हणाली, “मले सोडा जी. त्यानं देवापुढं सांगतलं, तर त्याले कोण सोडल?” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. वीसेक वर्षं या बाईने बापाचा जीव सांभाळण्यासाठी बापाला आपल्या हातचा घास द्यायचं सुख गमावलं, आणि हे सगळं ती माझ्या दुकानात मला हातभार म्हणून काजं-बटणं करता करता सांगायची, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे.

मग जंगल शांत झालं. निदान सगळे तसं म्हणू लागले. दुर्पताच्या गावाला डांबरी रस्ता आला, मोबाईलचा टॉवर आला, रात्री कुत्री भुंकली तरी लोक उठून बसेनासे झाले. दुर्पताने ठरवलं, की आता सांगायचं. पण एव्हाना रेवारामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि मनही सारखं मागच्या वर्षांत जाऊन बसायचं. कधी बायकोला हाक मारायचा, जी केव्हाच गेली होती. दुर्पताने त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी हसला. म्हणाला, भांडी घासणारीला कोणी पोलीस करतं का? तुझं मन राखायला हो म्हणतो, पण पान नको वाढू.

तेव्हा तिच्या मनाने घेतलं, की खाकी अंगावर घालूनच त्याच्यापुढे उभं राहायचं. डोळ्यांना धुकं असलं तरी रंग दिसतो, हाताला पट्टा लागतो, बिल्ला लागतो. बापाने एकदा, फक्त एकदा आपल्या हातचं खावं, यापलीकडे त्या बाईला आयुष्याकडून काही नको होतं.

आणि नेमकी तेव्हाच तिची वयाची अट आडवी आली. पुढची नोंदणी होणार नव्हती. होमगार्डला निवृत्ती नसते, निरोपसमारंभ नसतो, नारळही मिळत नाही. नाव कमी होतं, बस. आणि नाव कमी झालं की ओळखपत्र, कपडे, पट्टा, शिट्टी, जे सरकारने दिलं ते तत्काळ जमा करायचं, असं कायदाच सांगतो. त्याआधी घालून जावं, तर बोलावणं नसताना वर्दी अंगावर चढवायची नाही, हाही नियमच. म्हणजे स्वतःच्या बापापुढे उभं राहायला या बाईला बंदोबस्ताचा हुकूम हवा होता. मला खरंच संताप आला. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा कायदा, माझ्याकडे कापड आहे, तुझं माप माझ्या हातात पाठ आहे, दोन दिवसांत हुबेहूब ड्रेस शिवून देतो. तिने मान हलवली. म्हणाली, “खोटा ड्रेस कायले घालू, भाऊ? बापासंग खोटं बोलून बोलून तं इथवर आली.”

ती आपल्या पथकाच्या समादेशकांकडे गेली. हे दुर्गेश सर म्हणजे हार्डवेअरचे दुकानदार, तेही मानसेवीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नियम मोडणारा माणूस नव्हे, पण नियमाला कुठे शिवण सैल आहे ते जाणणारा. त्यांनी तिला महाशिवरात्रीच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेचा बंदोबस्त दिला, शेवटचा. आणि म्हणाले, बंदोबस्तावरून परतायचा वेळ ड्यूटीतच धरतात, तेव्हा तू तशीच वर्दीत घरी जा, बापाला भेट, दुसऱ्या दिवशी सामान जमा कर. हे कायद्यात आहे की त्यांच्या मनातलं होतं, देव जाणे. मी विचारलं नाही.

यात्रेला निघायच्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी शर्टाची कॉलर उलटवून दिली, पँटला कडक इस्त्री केली. निर्मलाबाईंनी तिचा अंबाडा घालून दिला, टोपी नीट बसावी म्हणून. दुर्पता आरशापुढे इतका वेळ कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. मी म्हटलं, बाई, लग्नाला निघालीस की बंदोबस्ताला? ती लाजली. त्या वयात लाजली, आणि मला फार बरं वाटलं.

यात्रा संपवून ती दोन बसा बदलून गावात उतरली, ते पहिल्यांदाच खाकीत. पुढचं मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, सामान जमा करायला जायच्या आधी, मी वर्दीला शेवटची इस्त्री करत असताना. ती स्टुलावर बसून जमिनीकडे बघत बोलत होती.

गाव रस्त्यावर येऊन बघत राहिलं. पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. ती ताठ चालत गेली. अंगणात पोचली तेव्हा भाऊ-भावजय रोजगार हमीच्या कामावर गेलेले, आणि रेवाराम एकटाच उन्हात खाटेवर बसलेला. ती समोर जाऊन उभी राहिली आणि घरातल्या बोलीत, गोंडीत, म्हणाली, बाबा, मी दुर्पता.

म्हातारा खाटेवरून उतरला. एवढा ताठ माणूस, पण त्याने हात जोडले. आणि उत्तर दिलं ते मराठीत. लेकीशी तो जन्मात मराठीत बोलला नव्हता. मराठी ही साहेबाशी बोलायची भाषा. म्हणाला, “बाई, माही पोरगी भांडे घासते जी. तिले काही मालूम नाही. तिले नोको नेऊ.”

दुर्पताने पुन्हा गोंडीत सांगितलं, आईचं नाव सांगितलं, लहानपणीचं काय काय सांगितलं. पण पोलिसांत आता गोंडी येणारेही असतात, आणि घरची माहिती काढूनच ते येतात, हे त्याला ठाऊक होतं. ती जेवढं सांगत गेली तेवढा तो जास्त घाबरत गेला. त्याचा हात धरून तिने बिल्ल्यावर ठेवला, तर त्याने चटका बसल्यासारखा ओढून घेतला.

तिला वाटलं, घरातल्या माणसासारखं काही केलं तर ओळख पटेल. ती रेणूच्या चुलीपाशी गेली, पत्रावळीवर भात घेतला, वर लाखोळीची डाळ वाढली, पाण्याचा तांब्या भरला आणि आणून त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, जेव बाबा.

आणि रेवाराम जेवला.

पत्रावळ बाजूला सरकवली नाही, रेणूला हाक मारली नाही. तिथेच जमिनीवर उकिडवा बसून, मान खाली घालून, तिने वाढलेला सगळा भात भराभर खाल्ला. घास घशात अडकला तरी थांबला नाही. पाणी प्यायला तेही तिच्याच हातचं, तिच्याकडे न बघता. जेवून झाल्यावर बोटं धोतराला पुसली आणि विचारलं, “आता मी जाऊ का, बाई?” स्वतःच्या अंगणात उभं राहून त्याने हे विचारलं.

ती खोलीत पळाली. सगळं अंगावरून काढलं, लुगडं नेसली आणि मागच्या बाजूने फिरून, जणू आत्ता बाहेरून आली अशी, अंगणात शिरली. समोर खाकी नसताना बापाने आवाज ओळखला. तिचा हात घट्ट धरला आणि आता गोंडीत, हलक्या आवाजात सांगितलं, की पोलिसीण आली होती, तुझ्याबद्दल सगळं विचारून गेली. तू इथे थांबू नको, मामाच्या गावी जा, मी बोलावीपर्यंत येऊ नको.

इस्त्री थंड होत चालली होती, पण मी ती हातातून खाली ठेवली नव्हती. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“मी कायच म्हणू?” दुर्पता म्हणाली. “मी इचारलं, बाबा, जेवला का? तो म्हणला, जेवलो व, पोटभर जेवलो. बंदुकीपुढं कोणी नाही म्हणते का?”

तिने इस्त्री केलेली वर्दी माझ्या पुढ्यातून उचलली आणि मांडीवर ठेवली.

“माह्याजवळ तं काठीच होती, भाऊ. आमाले बंदूक देतेच कोण?”